भिडेखातर केलेली खरेदी

ताई,

गेल्या वर्षी माझ्या रोजच्या वाटेवरचं एक कपड्यांचं बुटीक बंद झालं. छोटंसंच होतं, एकटी बाई चालवायची. काचेतून मी कितीदा पाहिलं असेल, पण आत गेले ती एकदाच, आणि काही न घेता बाहेर पडले. दार बंद झालेलं बघून फार लागलं मनाला. तेव्हाच ठरवलं, की यापुढे कपडे मोठ्या साखळी-दुकानांतून नाही, मोबाइलवरून नाही, छोट्या स्वतंत्र बुटीकमधूनच घ्यायचे.

पण मी मुळात भिडस्त. मालकीणबाई स्वतः उठून कपडे काढून दाखवतात, आरशासमोर उभं करतात, कॉलर सारखी करतात. मग 'नको' शब्द तोंडातून निघतच नाही. तीन कपडे लेबलसकट कपाटात पडून आहेत. एका दुकानात 'एम' बसतो, दुसऱ्यात 'एक्सएल' घ्यावा लागतो, त्यानेही मन खट्टू होतं. त्यात परवा 'आमचं खास डिझाइन' म्हणून घेतलेला टॉप मोबाइलवर जवळपास निम्म्या किमतीत दिसला. डोकंच फिरलं. धाकटी बहीण म्हणते, 'ही खरेदी नव्हे, देणगी आहे.'

बुटीकमधले कपडे इतके महाग का असतात? भाव कमी करा म्हटलं तर चालतं का? काही न घेता बाहेर पडायचं कसं? आणि दोन महिन्यांनी ऑफिसचा मोठा कार्यक्रम आहे. त्यासाठी ड्रेस तयार घेऊ की बुटीकमध्ये शिवून घेऊ?

— एक भिडस्त गिऱ्हाईक


प्रिय भिडस्त गिऱ्हाईक,

धाकट्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. तिचं म्हणणं कपाटातल्या त्या तीन कपड्यांपुरतं अगदी खरं आहे. भीड ही भिकेची बहीण असं जुनी माणसं म्हणत, आणि कपड्यांच्या दुकानात ते फार लवकर पटतं. फक्त तुमच्या बाबतीत नुकसान दोन्हीकडे झालंय. पैसे तुमचे गेले हे दिसतंच. पण त्या तीन दुकानांतही तुम्ही परत गेला नसाल. जाववतच नाही, कारण आत पाऊल टाकलं की पुन्हा घ्यावं लागेल ही धास्ती. म्हणजे प्रत्येक दुकानाला एक विक्री मिळाली आणि एक गिऱ्हाईक गेलं. छोट्या दुकानाला हा सौदा परवडत नाही. त्याचं पोट भरतं ते वर्षातून तीन-चारदा येणाऱ्या, घेतलेला कपडा झिजेपर्यंत घालणाऱ्या आणि 'कुठून घेतलास गं?' असं कोणी विचारलं की पत्ता सांगणाऱ्या माणसांवर. लेबलसकट कपाटात लटकलेल्या ड्रेसबद्दल कोण कोणाला विचारणार?

बंद पडलेल्या त्या दुकानाचं ओझं आधी खाली ठेवा. दुकानं बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. भाड्याचा करार संपतो आणि नवा आकडा झेपत नाही, एका हंगामाचा माल चुकतो, मालकिणीची तब्येत साथ देत नाही, किंवा तिला दुसरं काही करावंसं वाटतं. तुम्ही एक शर्ट घेतला असतात तर ते दुकान उभं राहिलं असतं, असं मला वाटत नाही. आणि अपराधाच्या भावनेतून केलेली खरेदी कशी होते, त्याचे तीन पुरावे तुमच्या कपाटात आहेतच.

आता महाग का, ते बघू. हे एकदा समजलं की भाव करावा की नाही, याचं उत्तर आपोआप मिळतं.

एखादा ड्रेस बाजारात यायच्या आधी त्याचा पॅटर्न काढावा लागतो, नमुना शिवावा लागतो, तो अंगावर चढवून दुरुस्त करावा लागतो, मग वेगवेगळ्या मापांत बसवावा लागतो. हे सगळं काम वीस ड्रेस शिवा की वीस हजार, तेवढंच. मोठी कंपनी तो खर्च वीस हजार नगांवर पसरते, बुटीकवाली वीसावर. कापडाचंही तसंच. गिरणी थेट माल देते तो शेकड्यांनी किंवा हजारांनी मीटर उचलणाऱ्याला. छोटीला पंचवीस-तीस मीटर हवं असतं. ते घाऊक व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घ्यायचं किंवा गिरणीचा उरलेला माल शोधायचा, एवढेच तिचे मार्ग. म्हणूनच 'हाच रंग पुन्हा येईल का?' असं विचारलं की ती मान हलवते. तिचं ते कापड खरोखरच संपलेलं असतं.

जी बुटीक स्वतः शिवत नाहीत, निवडून आणलेला माल विकतात, त्यांचा हिशोब वेगळा. कपड्याच्या किरकोळ धंद्यात घाऊक भावाच्या साधारण दुप्पट विक्रीचा भाव ठेवायचा, अशी जुनी रीत आहे. ऐकायला भयंकर वाटतं. पण समजा, ड्रेसची विक्रीची किंमत १०० भाग आहे. त्यातले ५० माल आणण्यात गेले. उरलेल्या ५० मध्ये भाडं, वीज, मदतनिसाचा पगार, कार्डावरच्या व्यवहाराचं शुल्क, कर, आणि हंगामाच्या शेवटी पडेल भावाने विकावा लागणारा उरलेला माल हे सगळं बसवायचं. त्यात ४० सहज जातात. मालकिणीच्या हातात राहिले १०. आता तुम्ही म्हणालात, 'दहा टक्के तरी कमी करा हो.' तुम्ही मागितलेले दहा टक्के म्हणजे तिची त्या ड्रेसवरची पूर्ण कमाई. प्रत्येक दुकानाचे आकडे वेगळे असतील, पण गणित याच जातीचं असतं.

मोठ्यांना चुका पचवता येतात. २०१८ मध्ये बर्बेरी या ब्रिटिश कंपनीच्या वार्षिक अहवालातून उघड झालं, की तिने एका आर्थिक वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला होता. ओरड झाल्यावर त्याच वर्षी तिने ही पद्धत थांबवत असल्याचं जाहीर केलं. बुटीकवालीला उरलेले आठ ड्रेसही झोपू देत नाहीत.

तेव्हा भाव कमी करा म्हणू नका, असं माझं मत. दुसरं बरंच काही मागता येतं आणि ते बिनधास्त मागावं. 'बाह्या जरा आखूड करून द्याल का?' 'दोन दिवस बाजूला ठेवता येईल का?' 'हंगाम संपताना यातलं काही उरलं तर मला कळवाल?' किंवा 'हे दोन्ही एकदम घेतले तर काही होईल का?' यात मालकिणीला स्वतःचा हिशोब सांभाळून हो म्हणता येतं. हंगामाच्या शेवटी ती तशीही किंमत उतरवणारच असते. तेव्हा तुम्ही गेलात तर माल हलतो म्हणून ती खूश, स्वस्त मिळालं म्हणून तुम्ही खूश. यात कसलीही लाज नाही.

पण महाग आहे म्हणजे चांगलंच आहे, असंही धरून चालू नका. छोटं दुकान आहे म्हणून डोळे मिटून घ्यायचं, हा तुमच्यासारख्या सज्जन गिऱ्हाइकांचा हमखास दोष. कपडा हातात घेतला की उलटा करा, खुशाल, सगळ्यांसमोर. आधी बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत राखलेलं जादा कापड, किती ठेवलीय ते बघा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असेल तर पुढे अंगाने थोडं भरलात तरी कपडा उसवून सैल करता येईल. शिवणीच्या काठावर नुसती ओव्हरलॉकची दोऱ्यांची जाळी असेल आणि तिच्यापुढे कापडच नसेल, तर तो कपडा आहे त्याच मापाचा जन्मभर. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंचं कापड दोन्ही हातांनी हलकेच ताणा. मधून उजेड दिसला तर टाके लांब आणि दोरा ढिला आहे. चौकडा किंवा पट्टे असतील तर बाजूच्या शिवणीवर ते जुळतात का बघा. ते जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून घाईचं काम तिथे पहिलं उघडं पडतं. काजाची भोकं बघा, दोरे सुटलेले नकोत. अस्तर कपड्यापेक्षा किंचित ढिलं हवं, नाहीतर बसल्यावर आधी तेच फाटतं. हे सगळं करायला दोन मिनिटं लागतात. आणि मजा म्हणजे जिला स्वतःच्या कामाचा अभिमान आहे ती मालकीण तुम्हाला शिवण तपासताना बघून खुलते, आपणहून आतली बाजू दाखवायला लागते. जी कपडा हातातून काढून घेते तिच्याकडे पुन्हा नाही गेलात तरी चालेल.

'एम' आणि 'एक्सएल'बद्दल मन खट्टू करून घेऊ नका. या अक्षरांमागे कुठलंही पक्कं माप नसतं. अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याने जवळपास १५ हजार स्त्रियांची मापं घेतली, हिशोबात मात्र फक्त गोऱ्या स्त्रियांचीच धरली. त्याच्या आधारे १९५८ मध्ये तयार कपड्यांच्या मापांचं सरकारी प्रमाण ठरलं. ते पाळणं ऐच्छिक होतं, हळूहळू कोणी पाळेनासं झालं आणि १९८३ मध्ये सरकारने ते मागेच घेतलं. तेव्हापासून तिथे प्रत्येक कंपनीचा 'एम' तिच्या मनात जे गिऱ्हाईक आहे त्याच्या मापाचा, आणि बाकी जगातही दोन दुकानांचा 'एम' जुळला तर तो योगायोगच. काही जण गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मुद्दाम मोठ्या कपड्यावर लहान अक्षर लावतात. तुमच्याकडे नीट बसणारा एखादा शर्ट असेलच. तो पलंगावर पसरून छाती, कंबर, खांदा आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दुकानात गेल्यावर अक्षर सांगण्याऐवजी ती मापं सांगा. बुटीकमध्ये टेप असतेच, आणि ती वापरता येणारं माणूसही बहुधा असतं. मोठ्या दुकानापेक्षा बुटीक सरस ठरतं ते इथेच.

फक्त काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, तेवढं ठाऊक असू द्या. उंची, बाहीची लांबी, कंबरेचा ढगळपणा हे सोपं काम. सैल करायचं तर माया हवी. खांदा आणि मुंढा (बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा घेर) मात्र जिथे आहे तिथेच राहतो असं समजा. तो बदलायचा तर बाही पूर्ण काढून पुन्हा बसवावी लागते, आणि बऱ्याचदा तरीही साधत नाही. हात वर केल्यावर सगळा ड्रेस वर ओढला जात असेल तर कोणी कितीही 'नंतर बघू, सैल होईल' म्हणो, तो परत हँगरवर लावायचा.

'खास डिझाइन'च्या टॉपकडे वळू, कारण तुमचा खरा राग तिथे आहे, आणि तो रास्तही असू शकतो. 'असू शकतो' म्हणते, कारण यात दोन शक्यता आहेत. पहिली, त्या दुकानाने तो टॉप घाऊक बाजारातून उचलला, आणि तोच माल आणखी पन्नास जणांनी उचलला. घाऊक माल विकणं हा काही गुन्हा नाही. चांगलं निवडून आणणं हीसुद्धा कला आहे, आणि ढिगातून शोधायचा तुमचा वेळ वाचतो त्याचे पैसे देणं योग्यच. पण त्याला 'आमचं डिझाइन' म्हणणं खोटं. दुसरी शक्यता उलटी आहे. डिझाइन खरंच त्या बाईचं असेल आणि कोणा मोठ्याने ते उचललं असेल. कपड्यांत हे सर्रास चालतं, कारण कायदा फारसा आड येत नाही. अमेरिकेत कपड्याच्या नुसत्या कटला कॉपीराइट मिळत नाही, त्यावरच्या छापील नक्षीला मिळू शकतो. युरोपीय संघात नोंदणी न केलेल्या नव्या डिझाइनला संरक्षण आहे, पण तीनच वर्षं, आणि कोर्टात जायचं बळ छोटीकडे नसतं.

दोन्हींतलं कुठलं, हे घरी बसून कळणार नाही. टॉप घेऊन जा आणि आवाज न चढवता विचारा: 'हा मला दुसरीकडेही दिसला. तुम्ही स्वतः केलेला आहे का?' जिने स्वतः केलाय ती तावातावाने पॅटर्नचे कागद काढून दाखवेल. जिने आणलाय ती कापडाच्या दर्जाबद्दल बोलायला लागेल. कदाचित त्यातही तथ्य निघेल. फोटोत सारखे दिसणारे दोन टॉप हातात घेतल्यावर एक जाड सुती आणि दुसरा पारदर्शक पॉलिएस्टर निघणं रोजचं आहे. पुढच्या वेळी मात्र हा प्रश्न घेण्याआधी विचारायचा: कुठे शिवलं, कोणी शिवलं, कापड कशाचं आहे.

कोणी शिवलं, हे विचारण्याला आणखी एक कारण आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं मेली. बहुतेक जण वरच्या कारखान्यांत परदेशी ब्रँडचे कपडे शिवणारे. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली होती, शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं गेलं. त्यानंतर 'माझे कपडे कोणी शिवले?' हा प्रश्न फॅशन रिव्होल्यूशन या चळवळीने जगभर नेला. अनेक जण त्यातून असं काढतात, की मोठं ते वाईट आणि छोटं ते पवित्र. मला ते पटत नाही. मागच्या खोलीत नगावर तुटपुंजे पैसे देऊन रात्री उशिरापर्यंत शिवून घेणारं छोटं बुटीकही असू शकतं, आणि तिथे तपासायला कोणी येत नाही. छोट्या दुकानाचा फायदा एवढाच, की प्रश्न विचारायला समोर माणूस असतं. तो फायदा घ्यायचाच नसेल तर मग फरक काय राहिला?

आपल्या भागात पैसा राहतो म्हणून छोट्यांकडून घ्या, असंही तुम्ही ऐकलं असेल. त्याला आधार आहे. शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात २००४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात स्थानिक व्यवसायात खर्च केलेल्या १०० डॉलरपैकी ६८ त्या शहराच्या अर्थव्यवस्थेत फिरत राहिले, साखळी-दुकानात खर्च केले तर ४३, असं दिसलं. तो तिथल्याच स्थानिक विकास संस्थेने करवून घेतला होता आणि त्यात नुसती कपड्यांची दुकानं नव्हती, हे ध्यानात ठेवून वाचावा. पण दिशा बरोबर वाटते. घरमालक, हिशोबनीस, शिवणारी, पाटी रंगवणारा हे सगळे जवळपासचेच. मात्र दूरच्या कारखान्यातून तयार आलेला टॉप जवळच्या दुकानातून घेतलात, तर त्यातला मोठा वाटा आल्या वाटेने परत जातो. म्हणून जिथे कपडा तिथेच शिवला जातो किंवा निदान तिथे दुरुस्त होतो, अशा दुकानाला माझी पहिली पसंती.

रिकाम्या हाताने बाहेर पडायचं कसं, याची तयारी आत जातानाच करायची. दारातच सांगा: 'आज बघायला आलेय. घेईनच असं नाही.' यात उद्धटपणा अजिबात नाही, उलट मालकिणीला कळतं की आपला किती वेळ द्यायचा. दुसरं म्हणजे तुमचा आकडा आधी सांगा. 'माझं बजेट एवढं आहे' म्हणायला आपल्याला जीवावर येतं आणि मग आपल्या ऐपतीपलीकडचे दहा कपडे ती घड्या मोडून दाखवते. त्या दहा घड्यांचं ओझं होतं म्हणून तर तुम्ही अकरावा कपडा विकत घेता. दोन-तीनच काढायला सांगा.

आणि नकार देताना कारण द्या. 'विचार करून येते' असं म्हणून सटकू नका. ती पळवाट आहे हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. 'गळा फार आवडला, पण मुंढ्यात दाटतोय' किंवा 'कापड छान आहे, रंग मला जात नाही' एवढं बोला. हे वाक्य तिच्यासाठी सोन्याचं आहे. मोठ्या कंपन्या कोणता कपडा किती जणींनी बघितला, घातला, परत केला याचे आकडे यंत्रांनी गोळा करतात. छोटीकडे फक्त तुमचं तोंड आहे. मेरी क्वांट या डिझायनरने १९५५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर 'बझार' नावाचं बुटीक काढलं, तेव्हा सुरुवातीला दिवसाच्या गल्ल्यातून कापड आणायचं, रात्री शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच विकायला ठेवायचं, असा प्रकार होता. आज काय खपलं आणि काय नाकारलं गेलं हे उद्याच्या कपड्यात दिसायचं. पाच जणींनी मुंढा दाटतो म्हटलं तर छोटं दुकान पुढच्या खेपेला मुंढा वाढवतं. तुम्ही गप्प राहून तोच ड्रेस घेतलात तर तिला वाटतं, माप बरोबर आहे. मग ती आणखी वीस तसेच शिवते.

एक गोष्ट मात्र करू नका. अर्धा तास चार कपडे घालून बघायचे, माप पक्कं करायचं, फोटो काढायचा आणि बाहेर पडताच तोच मोबाइलवर मागवायचा. किंमत ताडून बघायला हरकत नाही, ते घरून बघून जा. पण तिचा वेळ, तिचा आरसा आणि तिचा सल्ला वापरून पैसे दुसऱ्याला द्यायचे, हे मला बरं वाटत नाही. तुम्ही असं करत असाल असं पत्रावरून वाटत नाही, तरी सांगून ठेवते, कारण हे वाचणाऱ्यांत करणाऱ्या पुष्कळ असतील.

त्या तीन कपड्यांचं काय करायचं? उचला आणि ज्या त्या दुकानात घेऊन जा. पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका, छोट्या दुकानांत बहुधा बदलूनच देतात, आणि आता तर तीही मुदत गेली असेल. पण 'हा घातलाच गेला नाही, याचं काही करता येईल का?' असं विचारता येतं. कुठे बाही कापली जाईल, कुठे उंची कमी होईल, एखादी चांगली मालकीण बदलूनही देईल. पुढच्या वेळी नाही आवडला तर दोन-तीन दिवसांत परत न्या. बुटीकमध्ये एका मापाचा बहुतेक एकच नग असतो. तो तुमच्या कपाटात तीन आठवडे बसला, की त्या मापाची दुसरी बाई तेवढ्या दिवसांत विचारून निघून गेलेली असते.

आणि ते 'फक्त बुटीकमधूनच' व्रत सोडा. मोजे, आतले कपडे, साधे टी-शर्ट कुठूनही घ्या. त्यात छोट्यांना मोठ्यांशी बरोबरी करता येत नाही आणि बऱ्याच जणी करतही नाहीत. वर्षाचे कपड्यांचे पैसे आधी ठरवा आणि त्यातला जो भाग नीट बसणाऱ्या, जास्त दिवस टिकणाऱ्या दोन-तीन कपड्यांसाठी आहे, तो बुटीककडे न्या. 'किती वेळा घातला त्याने किंमत भागायची' हा हिशोब पुष्कळ जणी सांगतात. चांगला आहे, पण लबाडही आहे. शंभर वेळा घालीन म्हटलं की काहीही स्वस्त वाटतं. गेल्या वर्षी सर्वांत जास्त घातलेला कपडा खरोखर किती वेळा अंगावर चढला ते आठवा आणि तोच आकडा वापरा.

आता ऑफिसच्या कार्यक्रमाचा ड्रेस. शिवून घ्या. दोन महिने भरपूर आहेत, फक्त आजच लागा. कपाटातल्या कपड्यांपैकी ज्या दुकानाची शिवण उलटून बघितल्यावर सर्वांत सुबक निघेल, तिथे जा. बजेट आणि तारीख पहिल्याच वाक्यात सांगा. तारीख मात्र कार्यक्रमाच्या दहा दिवस आधीची. आगाऊ रक्कम द्या आणि पावती घ्या. तिने तुमच्यासाठी कापड कापलं की ते दुसऱ्या कोणाच्या कामाचं राहत नाही, त्यामुळे त्यानंतर मन बदलायचं नाही. कापड सुती, लिनन किंवा व्हिस्कोस असेल तर कापण्याआधी पाण्यातून काढून घेणार का ते विचारा, नाहीतर पहिल्याच धुण्यात उंची जाईल. पक्की शिलाई मारण्याआधी धावदोऱ्यावर एकदा अंगावर चढवून बघायचं, हे आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी कार्यक्रमात घालणार तेच शूज आणि तेच आतले कपडे घालून जा, कारण उंची आणि छातीचं माप त्यावर ठरतं. आरशासमोर नुसत्या ताठ उभ्या राहू नका. खुर्चीत बसा, हात वर करा, वाकून जमिनीवरचं काहीतरी उचला. कुठे दाटलं तर तिथल्या तिथे सांगा. धावदोरा उसवायला तिला मिनिटभरही लागत नाही, पक्क्या शिलाईनंतर मात्र अख्खी दुपार जाते.